खळ, वाफ आणि दोन रोल

इचलकरंजीत यंत्रमागवाला आणि सायझिंगवाला यांचं भांडण बारमाही असतं. मागावर उभा धागा वरचेवर तुटायला लागला की शेठ फोन उचलतात आणि म्हणतात, "बीम मऊ आलंय." सायझिंगवाला म्हणतो, "सूतच कच्चं होतं, आम्ही काय करणार?" सूत पुरवणारा व्यापारी तिसरीकडेच बोट दाखवतो, तुमच्या मागाची फणी घासलीय, आधी ती बघा. या तिघांच्या मधल्या जागेत माझं पोट भरतं. सायझिंगची मशीनं मी बसवून देतो, अडली की दुरुस्त करतो, आणि नवं मशीन घेणं परवडत नसेल त्यांना जुन्यातून काय काढता येईल ते सांगतो. तिघांपैकी कोण खरं बोलतोय हे ओळखण्यासाठी मला फार खोलात जावं लागत नाही. मी सरळ खळीच्या टबाकडे जातो आणि तिथले दोन रोल बघतो.

पण त्याआधी सायझिंग म्हणजे काय, हे गावाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. कापडात दोन तऱ्हेचे धागे असतात. आडवा धागा नशीबवान. तो एकदा धोट्यातून किंवा हवेच्या झोतातून या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि कापडात झोपतो. हाल होतात ते उभ्या धाग्याचे. बीमवरून, म्हणजे हे धागे गुंडाळलेल्या मोठ्या रिळावरून, सुटल्यापासून कापड होईपर्यंत त्याला वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून जावं लागतं. आडवा धागा पडला की प्रत्येक वेळी वही वर-खाली होते, उभा धागा ताणला जातो, सैल होतो, शेजारच्या धाग्याला घासतो. साध्या मागावर मागच्या रोलपासून कापडाच्या कडेपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास अंतर धरा, म्हणजे पन्नास इंच. इंचाला 60 आडवे धागे असतील, तर उभ्या धाग्याचा प्रत्येक तुकडा कापडात पोचेपर्यंत 3,000 वेळा ताणला जातो. कापसाच्या एकेरी सुताला हे झेपत नाही. त्याच्या अंगावर तंतूंची लव असते. घासून ती आणखी उठते, शेजारच्या लवेत अडकते, आणि धागा सुटतो.

म्हणून विणण्याआधी उभ्या धाग्यावर खळ चढवतात. स्टार्च शिजवून केलेली पातळ पेज, त्यात थोडी चरबी किंवा मऊपणा आणणारं काही. ही खळ लवेला धाग्याच्या अंगाला चिकटवते, आत शिरून तंतूंना एकमेकांशी बांधते आणि वरून गुळगुळीत कवच देते. कापड विणून झालं की प्रोसेसवाले ती सगळी धुऊन टाकतात. दुकानात तुमच्या हातात येणाऱ्या कापडावर सायझिंगवाल्याची एकही खूण उरत नाही. आमच्या धंद्याला कुणी ओळखत नाही याचं कारण बहुधा हेच असावं.

ही गोष्ट यंत्रापेक्षा खूप जुनी आहे. हातमागावर विणणारे कोष्टी, साळी गल्लीत लांबलचक ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून पाजणी करायचे. दोघे-चौघे मिळून खळीत बुडवलेला कुंचा धाग्यांवरून फिरवत जायचे, ऊन आणि वारा वाळवायचं काम करायचे. सणगर लोक घोंगडीच्या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती आजही काही ठिकाणी तशीच हाताने लागते. चिंचोक्याचं पीठ पुढे ज्यूटच्या गिरण्यांतही गेलं.

यंत्रमाग आला तेव्हा ही पाजणीच त्याच्या वाटेत आडवी आली. एडमंड कार्टराइटने 1785 साली यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेतलं खरं, पण तो माग फार काळ एकसारखा चालू शकत नव्हता. थोडा ताणा पुढे सरकला की माग थांबवायचा, पुढच्या ताण्याला खळ लावायची, वाळू द्यायची, मग पुन्हा सुरू. माग चालवणाऱ्याइतकाच वेळ खळ लावणाऱ्याचा जायचा. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा विल्यम रॅडक्लिफ या गोष्टीच्या मागे लागला. त्याच्याकडे थॉमस जॉन्सन नावाचा कल्पक विणकर होता. दोघांनी मिळून मागापासून वेगळं असं खळ लावायचं यंत्र केलं. त्यात ब्रश खळ पसरवायचे, पंखे वाळवायचे आणि तयार ताणा बीमवर गुंडाळला जायचा. 1803 आणि 1804 ची पेटंटं जॉन्सनच्या नावावर आहेत. बीम तयार होऊन मागावर चढवायचं, ही आजची सगळी पद्धत तिथून सुरू झाली. रॅडक्लिफचं मात्र दिवाळं निघालं आणि 1842 साली तो गरिबीत गेला. यंत्रमागाचा इतिहास सांगताना कार्टराइटचं नाव सगळे घेतात. माझ्या मते निम्मं श्रेय स्टॉकपोर्टच्या त्या जोडीचं आहे.

पुढे लँकशायरमध्ये ब्लॅकबर्न आणि अ‍ॅक्रिंग्टनच्या लोकांनी, त्यात केनवर्दी आणि बुलो ही नावं महत्त्वाची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रश काढून टाकले. ताणा सरळ गरम खळीच्या टबात बुडवायचा, दोन रोलांमधून पिळून काढायचा आणि आतून वाफ भरलेल्या तांब्याच्या ढोलांवरून वाळवत न्यायचा. हेच ते स्लॅशर सायझिंग. मुंबईच्या गिरण्यांत हीच यंत्रं आली, आणि आज इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर कुठेही जा, मशीनचा सांगाडा तोच दिसेल. मागे वार्पिंगची आठ-दहा किंवा जास्त बीमं लावलेलं क्रील, मग खळीचा टब, मग वाळवणारे सिलिंडर, मग धागे सुटे करणारे लीज रॉड, शेवटी फणी आणि मागावर जाणारं बीम.

लँकशायरवाल्यांनी या यंत्राचा दुरुपयोगही भरपूर केला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चांगला कापूस मिळेना. तिथल्या गिरण्यांना आपला आखूड धाग्याचा सुरती कापूस कातावा लागला, आणि असं सूत मागावर टिकवायचं तर खळ वाढवावी लागली. मग लक्षात आलं की खळीत चिनी माती घातली की कापडाचं वजनही वाढतं. काही कापडांत सुताच्या वजनाइतकी खळ असायची. ते कापड भारतात आणि चीनमध्ये विकलं जायचं, जहाजात ओल धरून त्याला बुरशी लागायची, आणि एका धुण्यात त्याची जाळी व्हायची. मातीने लादलेला धागा कोरड्या हवेत तडकतो, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडली जायची. टॉडमॉर्डनच्या विणकरांनी धूळ आणि वाफेविरुद्ध तक्रार केली, 1872 साली त्यावर डॉ. बुकॅनन यांचा सरकारी अहवाल आला, आणि 1889 च्या कायद्याने शेडमधल्या दमटपणावर मर्यादा घातली. खळ जास्त म्हणजे बीम चांगलं, ही समजूत आमच्याकडे अजून पुरती मेलेली नाही, म्हणून हे सांगितलं.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्यांना आधार होता. त्यांचाच राजवाडा आता टेक्स्टाइलचं कॉलेज आहे. 1982 साली सुरू झालेल्या त्या डीकेटीईत मी शिकलो. आमच्या वेळी सायझिंगसाठी अजगावकर, तालुकदार आणि वाडेकर या तिघांचं इंग्रजी पुस्तक हातोहात फिरायचं. सायझिंगवरचं ते पुस्तक आपल्याकडच्या गिरण्यांना समोर ठेवून लिहिलेलं आहे. त्यातलं रोलांचं प्रकरण मी परीक्षेपुरतंच वाचलं होतं. खरं वाचलं ते शेडमध्ये उभं राहिल्यावर.

आता त्या रोलांकडे येतो. ताणा खळीत बुडतो आणि वर येताना दोन रोलांमधून जातो. खालचा रोल स्टीलचा, वरचा रबराचा. हे रोल जास्तीची खळ पिळून परत टबात सोडतात. धुणं दोरीवर टाकण्याआधी आपण पिळतो तसंच हे, आणि नीट न पिळलेला पंचा संध्याकाळपर्यंत वाळत नाही हे कुणालाही सांगायला नको. सायझिंगमध्ये ऊन फुकट नाही, एवढाच काय तो फरक. इथे वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरला कोळसा, बगॅस किंवा लाकूड.

हिशेब करून बघा. 100 किलो सुतावर 12 किलो कोरडी खळ चढवायची आहे. जुन्या मशीनवर रोलाचा दाब हलका, म्हणून सूत टबातून निघताना 130 किलो ओली खळ घेऊन येतं. त्यात 12 किलो माल आणि 118 किलो पाणी. हे पाणी उडवायचं. दाब वाढवला आणि ओली खळ 90 किलोवर आणली, तर तेवढाच 12 किलो माल चढवूनही पाणी राहतं 78 किलो. शंभर किलो सुतामागे 40 किलो पाणी वाळवायचं टळलं. एक किलो पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सत्तरेक किलोकॅलरी लागतात, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला त्यावर आणखी 540. सिलिंडरवर एक किलो पाणी उडवायला दीड किलोच्या आसपास वाफ खर्च होते. चाळीस किलोला साठ किलो वाफ, शंभर किलो सुतामागे. पिळण्याला लागणारी वीज या खर्चापुढे काहीच नाही. शिवाय सिलिंडरवरचं काम तिसऱ्या हिश्शाने कमी झालं की मशीन तेवढं जोरात पळवता येतं. बहुतेक मशीनचा वेग मोटर नव्हे, वाळवण्याची ताकद ठरवते.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत सायझिंग मशीनमध्ये खूप सुधारणा झाल्या. टच स्क्रीन आले, प्रत्येक भागाला वेगळी मोटर आली. शेठ लोक मशीन दाखवताना स्क्रीनवर बोट ठेवतात. मला विचाराल तर सगळ्यात मोठी सुधारणा पिळण्याची आहे. पूर्वी वरचा रोल स्वतःच्या वजनाने दाबायचा आणि त्यावर लोकरीचं फ्लॅनेल गुंडाळलेलं असायचं. ते नीट, सुरकुती न पडता गुंडाळणं हीच एक कारागिरी होती. मग रबरी रोल आले, हवेच्या सिलिंडरने दाब द्यायची सोय आली, आणि काही शे किलोंचा दाब चार टनांपर्यंत गेला. काही मशीनवर दहा टनांपर्यंतही जातो.

पण नुसता दाब वाढवून चालत नाही, आणि बहुतेक फसगत इथेच होते. दाब दोन्ही टोकांना दिला जातो. रोल लांब आहे, तो मधे वाकतो. कडेचे धागे जास्त पिळले जातात, मधले कमी. मग बीमच्या मधल्या पट्ट्यात खळ जास्त, कडेला कमी. मागावर कडेचे धागे तुटतात आणि शेठ फोन करून म्हणतात बीम मऊ आलंय. ते खोटं बोलत नसतात, फक्त त्यांचं बीम चार बोटं मऊ असतं. यावर उपाय म्हणजे रोल घासून घेतानाच मधे थोडं पोट ठेवायचं, म्हणजे वाकल्यावर तो सरळ बसतो. किती पोट हे दाबावर ठरतं. म्हणून चार टनांसाठी घासलेला रोल एका टनावर चालवला तर उलटी गडबड, मधे जास्त पिळलं जातं.

माझ्या पिशवीत कायम कार्बन पेपर असतो. मशीन थांबवून रोलांच्या मधे पांढऱ्या कागदावर कार्बन ठेवायचा, दाब द्यायचा, सोडायचा. कागदावर निळी पट्टी उमटते. पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर रोल ठीक. कडेला रुंद, मधे बारीक असेल तर पुढची सगळी चर्चा फुकट आहे. खळीची कृती बदला, सूत बदला, स्टार्चचा पुरवठादार बदला, काही फरक पडणार नाही. दोन-पाच रुपयांच्या कागदाने मिटणारं भांडण वर्षानुवर्षं चालू असलेलं मी पाहिलंय.

वेगाचंही तसंच. मशीन जोरात असताना रोलांच्या फटीतून खळ वेगाने ढकलली जाते आणि धागा थोडी जास्त खळ घेऊन निघतो. धागा तुटला, मशीन सरपटत्या चालीवर आलं की तोच दाब धाग्याला कोरडा पिळतो. तेवढ्या तुकड्यात खळ कमी. नव्या मशीनवर वेग उतरला की दाब आपोआप उतरतो. जुन्या मशीनवर हे एका साध्या व्हॉल्व्हने करून देता येतं, आणि मी ते बऱ्याच ठिकाणी केलंय.

जड पिळायचं तर खळ घट्ट लागते. थोड्या पाण्यात जास्त माल. मक्याचा साधा स्टार्च इतका घट्ट शिजवला तर त्याची पेज नव्हे, लापशी होते आणि ती धाग्यात शिरत नाही. म्हणून रसायनवाल्यांनी पातळ शिजणारे, सुधारित स्टार्च आणले, त्याच्या जोडीला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. यंत्र आणि रसायन एकमेकांचा हात धरून पुढे गेले. आमच्याकडे काही जणांनी जड रोल घेतले आणि खळ जुनीच ठेवली. परिणाम असा की सुतावर खळच चढेना. मग त्यांनी दाब कमी केला, आणि रोल वाईट असं गावभर सांगितलं.

वाळवण्याकडे आता भरभर जातो. दोन मोठ्या ढोलांच्या जागी लहान व्यासाचे अनेक सिलिंडर आले, पहिल्या काहींवर टेफ्लॉनचा थर आला, म्हणून ओली खळ सिलिंडरला चिकटायची थांबली. ताणा ओला असतानाच दोन-तीन थरांत वेगळा करून वाळवला तर शेजारचे धागे एकमेकांना चिकटत नाहीत. नाहीतर लीज रॉडवर त्यांना ओढून सोडवताना खळीचं कवच फुटतं आणि दाबून ठेवलेली लव पुन्हा उभी राहते. दाट धाग्यांच्या बीमला म्हणूनच दोन टब लागतात, निम्मे धागे एकात, निम्मे दुसऱ्यात. सिलिंडरच्या आत वाफेचं पाणी साठून राहिलं की तापमान पडतं. त्यासाठी ते बाहेर काढणारे स्टीम ट्रॅप चालू हवेत आणि ते पाणी बॉयलरकडे परत जायला हवं. यात नवीन काही नाही. तरी बंद पडलेला ट्रॅप मला जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये सापडतो.

ताण ही मात्र थांबून बघण्याची गोष्ट आहे. कापसाचं सूत तुटण्याआधी साधारण सहा-सात टक्के लांबतं. हीच त्याची मागावरची शिदोरी. ओलं सूत सहज ताणलं जातं, आणि टबातून सिलिंडरपर्यंत ते जास्त खेचलं गेलं तर ताणलेल्या स्थितीतच वाळतं. मग त्याची ताकद चांगली दिसते, पण लांबण्याची कुवत संपलेली असते. असं बीम हाताला टणक लागतं आणि मागावर काचेसारखं मोडतं. म्हणून टबापासून शेवटपर्यंत एकूण ताण एक-दीड टक्क्यात ठेवायचा. पूर्वी हे गिअरवर आणि मास्तरच्या नजरेवर होतं. आता ताण मोजणारे लोड सेल आणि वेगवेगळ्या मोटरी ते सांभाळतात. नव्या मशीनच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा मी रोलांच्या खालोखाल ठेवीन.

आमच्याकडे जुने सायझर मामा होते. बीमवर हात फिरवून सांगायचे, ओलं चाललंय, वेग कमी करा. बहुतेक वेळा बरोबर निघायचे. कापसाच्या सुतात शेवटी सात-आठ टक्के ओल राहायला हवी. त्याहून कोरडं केलं तर वाफ वाया जाते आणि खळ ठिसूळ होऊन भुकटीसारखी मागाखाली पडते. आता ओलीचा मीटर वेग स्वतःच कमी-जास्त करतो. मामांचा हात ओल सांगायचा, पण खळ किती टक्के चढली हे कुणाचाही हात सांगत नाही. त्याला सुताचा तुकडा आम्लात उकळून, धुऊन, वाळवून, आधी आणि नंतर तोलावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच होत नाही.

मागांचा वेग वाढला तशी ही ढिलाई महाग पडायला लागली. साधा यंत्रमाग मिनिटाला 120 ते 150 धागे टाकतो. एअरजेट 600 ते 900. हवेचा झोत आडवा धागा घेऊन जाताना मधे एखाद्या उभ्या धाग्याची लव आडवी आली तरी माग थांबतो. तिथे तुटणंच काय, लव उठणंही चालत नाही. इचलकरंजीतल्या ज्यांनी एअरजेट घेतले त्यांच्यासाठी बीम देणाऱ्या सायझिंगना मशीन सुधारण्यावाचून पर्याय उरला नाही.

त्यांच्यातल्या काहींनी मला प्रीवेटिंगबद्दल विचारलं. कल्पना साधी आहे. खळीच्या आधी सूत गरम पाण्यात बुडवायचं आणि कडक पिळायचं. कापसावरचं मेण आणि मळ थोडा निघतो, धाग्याच्या गाभ्यात पाणी बसतं, मग खळ बाहेरच्या थरात राहते, म्हणजे जिथे हवी तिथे. यंत्र बनवणारे 20 ते 40 टक्के खळ वाचते असं सांगतात. शुद्ध कापसावर ठळक बचत होते हे मी मानतो. पण अट एकच. पाण्याच्या टबावरचे रोल खूप जड हवेत. नाहीतर सूत पाणी घेऊन खळीत शिरतं आणि खळ तासातासाला पातळ होत जाते. दोनदा भिजवायचं आणि एकदाच नीट पिळायचं, असा प्रकार होतो. पॉलिस्टर मिसळलेल्या सुताला फायदा कमी. म्हणून ज्यांचा आहे तोच रोल वाकलेला आहे त्यांना मी हा खर्च करू देत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाच्या पद्धतीमुळे वाढते. इथे मोठी ऑर्डर थोड्यांकडे असते. मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्यांचे लहान लहान सेट येतात, आज एका नंबरचं सूत, उद्या दुसऱ्या. प्रत्येक सेट संपला की टबात आणि पाइपात उरलेली खळ बऱ्याचदा गटारात जाते. टब मोठा तर उरलेली खळ जास्त. नव्या मशीनचे टब म्हणून मुद्दाम लहान असतात आणि खळ फिरती ठेवतात. जुन्या टबात तळाला भर घालून पोकळी कमी करता येते, खर्च किरकोळ आहे.

उरलेली खळ असो की कापडावरून धुतलेली, शेवटी पाण्यातच जाते. स्टार्च पाण्यात कुजताना प्राणवायू खातो. सुती कापडाच्या प्रोसेसमधून निघणाऱ्या सांडपाण्याच्या या प्राणवायू खाणाऱ्या भारात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या खळ धुण्याचा असतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल सहज कुजत नाही, पण ते गाळून परत वापरता येतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत ते गिरणीत करून दाखवलं गेलं. त्यासाठी खळ लावणारा आणि धुणारा एकाच छताखाली हवा. इचलकरंजीत सायझिंग एकाचं, माग दुसऱ्याचा, प्रोसेस तिसऱ्याची, आणि पंचगंगा नदी सगळ्यांची.

सुधारणा कुठे झाल्या आणि कुठे अडल्या याचं कोडं मला याच वाटणीत सुटलेलं दिसतं. सायझिंगवाल्याला किलोमागे दर मिळतो. त्याच्या खिशातून जातं ते मुख्यतः जळण, स्टार्च आणि मजुरी. म्हणून वाफ वाचवणारी सुधारणा तो आज ना उद्या करतोच. रोल, ट्रॅप, सगळं हळूहळू आलं. धागा तुटल्याचं नुकसान मागवाल्याचं. धुण्याचा खर्च प्रोसेसवाल्याचा. त्यामुळे खळ नेमकी किती चढवली हे मोजण्याची सोय शेवटी येते, किंवा येतच नाही, कारण तिचा फायदा तिसऱ्याच्या दारात पडतो. सरकारी अनुदानाच्या योजना मशीनला पैसे देतात, मोजण्याला देत नाहीत.

गेल्या काही दिवसांत एक बारीकसा बदल दिसतोय. एअरजेट घेतलेले एक शेठ बीमसोबत चिठ्ठी मागतात. त्यावर तीन आकडे: खळ किती टक्के, ओल किती, ताण किती. सुरुवातीला सायझिंगवाल्याने आकडे अंदाजाने लिहून दिले. शेठनी बीमच्या दोन्ही कडांचं आणि मधलं सूत कापून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे आले, आणि चिठ्ठीवरच्या आकड्याशी एकही जुळेना. त्यानंतर मला बोलावणं आलं. कार्बनच्या कागदावर पट्टी कडेला दुप्पट रुंद होती. रोल घासायला बाहेर पाठवावा लागतो, मशीन तेवढे दिवस बंद, म्हणून ते काम दोन दिवाळ्या पुढे ढकललेलं होतं. या वेळी सायझिंगवाल्याने रोलाची दुसरी जोडी मागवली. एक मशीनवर, एक घासून तयार. पैसे निम्मे शेठनी आगाऊ दिले, बीमच्या बिलातून वळते करायचे म्हणून.